सोडतीची नागरिक सभा: कोल्हापुरातल्या प्रभागात ती कशी भरवायची

नागरिक सभा भरवायची तर उत्तराच्या हमीपत्रावर पहिली सही महापालिका आयुक्तांची घ्यायची, सोडतीची बरणी त्यानंतर आणायची. हा क्रम चुकला की बाकीचं काम कितीही नीट झालं तरी शेवटी हातात एक अहवाल उरतो, आणि चार रविवार देऊन बसलेली माणसं पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा उत्तराची हमी आणि सोडत या दोन गोष्टींना दिली आहे. मंडप, चहा आणि आवाजाची यंत्रणा कोल्हापूरला शिकवायला नको.

नागरिक सभा म्हणजे थोडक्यात हे: प्रभागातले ३६ रहिवासी चिठ्ठीने निवडायचे. त्यांना एकच प्रश्न, पुरेशी माहिती आणि पुरेसा वेळ द्यायचा. त्यांनी शिफारशी लिहायच्या आणि महापालिकेने प्रत्येक शिफारशीला लेखी उत्तर द्यायचं. नगरसेवक निवडून येतात ते येतातच, निर्णयही त्यांचाच राहतो. फक्त त्या निर्णयासमोर सामान्य रहिवाशांचं विचारपूर्वक बनलेलं मत येतं आणि त्याची दखल घेतल्याचा कागद तयार होतो.

युरोपला ही वाट धरावी लागली कारण तिथल्या निवडणुकांवरचा विश्वास ओसरत होता. युरोपीय संसदेच्या १९७९ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे ६२ टक्के मतदान झालं होतं, २०१४ मध्ये ते ४२.६१ टक्क्यांवर आलं. २०१९ आणि २०२४ मध्ये ते जेमतेम निम्म्याच्या वर चढलं. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०२३ मध्ये ३० देशांत केलेल्या पाहणीत आपल्या राष्ट्रीय सरकारवर विश्वास कमी किंवा मुळीच नाही म्हणणारे ४४ टक्के होते, बऱ्यापैकी किंवा पूर्ण विश्वास असलेले ३९ टक्के. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकारच बनलं नाही. त्याच काळात, ११ नोव्हेंबर २०११ रोजी, ब्रसेल्समध्ये सोडतीने बोलावलेले ७०० हून अधिक नागरिक दिवसभर चर्चेला बसले. उपक्रम लोकांच्या देणग्यांवर उभा राहिला आणि उत्साह दांडगा होता, पण त्या शिफारशींना उत्तर देण्याचं बंधन कोणावरच नव्हतं. याच देशातल्या जर्मन भाषकांच्या छोट्या प्रांताने, म्हणजे ऑयपेन आणि आसपासच्या भागाने, फेब्रुवारी २०१९ मध्ये कायदाच केला. सोडतीने बसलेली २४ जणांची कायम परिषद विषय ठरवते, वेगळी सभा त्यावर शिफारशी करते, आणि संसदेला त्यांवर जाहीर चर्चा करावी लागते. शिफारस नाकारायची असेल तर कारण द्यावं लागतं. ८० हजारांहून कमी लोकसंख्येचा हा प्रांत आहे. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ५,४९,२३६ आहे, त्यामुळे हे मोठ्या देशांनाच परवडतं असं समजायचं कारण नाही.

कोल्हापूरला याची निकड वेगळ्या कारणाने आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि नंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. ड्रेनेज तुंबलं तर जाब कोणाला विचारायचा, हेच त्या काळात कळेनासं झालं होतं. मोर्चा काढायला हे शहर मागे राहत नाही. टोल लोकांनी घालवला. पण मोर्चाने ‘नको’ म्हणता येतं. ‘काय हवं, आधी काय आणि कुठल्या पैशातून’ हे सांगायला वेगळी बैठक लागते.

उत्तराची हमी

एका पानाचं हमीपत्र तयार करा. त्यात चारच कलमं पुरेशी आहेत.

१. सभेच्या शिफारशी मिळाल्यापासून ६० दिवसांत प्रत्येक शिफारशीला स्वतंत्र लेखी उत्तर मिळेल: मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य.

२. अमान्य किंवा अंशतः मान्य असेल तर कारण लिहिलं जाईल. ‘तपासून कार्यवाही करू’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

३. मान्य कामासाठी जबाबदार खात्याचं नाव, अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष आणि मुदत दिली जाईल.

४. सहा महिन्यांनी त्याच ३६ जणांसमोर आढावा होईल.

खाली आयुक्तांची आणि प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांची सही. ‘सगळ्या’ यावर अडून बसा. आपल्याकडे पक्षापेक्षा गट मोठा असतो. एका गटाच्या नगरसेवकाने आधी सही केली की ती सभा त्या गटाची ठरते आणि दुसऱ्या गटाची माणसं सोडतीत नाव येऊनही येत नाहीत. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी एकाच टेबलावर बोलवा आणि एकाच कागदावर सह्या घ्या. एखाद्याने नकार दिला तर त्या प्रभागात सभा भरवू नका, दुसरा प्रभाग निवडा. महिनाभर उशीर झाला तरी चालेल, अर्ध्या सह्यांवर सुरुवात चालणार नाही.

हमीपत्रात जास्तही मागू नका. फ्रान्समध्ये इंधनावरच्या करावरून २०१८ च्या नोव्हेंबरपासून पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी हवामान बदलावर १५० जणांची सभा बसवली आणि तिचे प्रस्ताव ‘गाळणी न लावता’ पुढे नेण्याचं आश्वासन दिलं. जून २०२० मध्ये १४९ प्रस्ताव आले. त्यातले तीन मॅक्रॉन यांनी तिथल्या तिथे बाजूला ठेवले, बरेच पुढे कायदा होताना पातळ झाले. शेवटी सदस्यांनी सरकारच्या प्रतिसादाला दहापैकी साडेतीनही गुण दिले नाहीत. काम बरंच झालं होतं, पण दिलेल्या शब्दाच्या मानाने ते तोकडं पडलं. ‘सगळं मान्य करू’ असं कोणी म्हणालं तरी ते लिहून घेऊ नका. ‘प्रत्येकाला कारणासह उत्तर देऊ’ एवढंच घ्या. ते पाळता येतं आणि न पाळल्यास दाखवून देता येतं.

प्रश्न

प्रश्न महापालिकेच्या हातातला असला पाहिजे. पंचगंगेचा पूर हा विषय घ्यायचा म्हटलं तर लोक साहजिकच अलमट्टी धरणावर बोलतील. पण अलमट्टीची उंची कर्नाटकाचा विषय, महामार्गाचा भराव दुसऱ्या यंत्रणेचा, निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाची. यातल्या कशालाही आयुक्त ‘मान्य’ म्हणू शकत नाहीत. उलट नाल्यांची सफाई आणि रुंदी, पूररेषेतली बांधकाम परवानगी, स्थलांतर केंद्रं, पाणी ओसरल्यावरची स्वच्छता आणि पिण्याचं पाणी हे महापालिकेचं काम आहे.

प्रश्न असा लिहा: ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे जात असताना आपल्या प्रभागातल्या घरांचं आणि दुकानांचं नुकसान कमी व्हावं म्हणून महापालिकेने येत्या दोन वर्षांत कोणती कामं आधी करावीत, आणि त्यासाठी कोणती कामं मागे ठेवावीत?’ शेवटचा तुकडा काढू नका. ‘मागे काय ठेवायचं’ हे विचारलं नाही तर ४० मागण्यांची यादी येते आणि तिला उत्तर देणं प्रशासनाला सोपं जातं: निधी उपलब्ध नाही.

हाच प्रश्न नागाळा पार्क किंवा शाहूपुरीत चालेल, राजारामपुरीच्या वरच्या अंगाला चालणार नाही. तिथे पार्किंग, कचरा किंवा पाण्याच्या वेळा घ्या. ‘प्रभागाचा विकास’ हा विषय कुठेच घेऊ नका.

सोडत

आरक्षणाची सोडत कोल्हापूरकरांनी पाहिलेली आहे: पारदर्शक बरणी, शाळकरी मूल, सगळ्यांसमोर उघडलेली चिठ्ठी. लोकांचा या पद्धतीवर विश्वास आहे, म्हणून शेवटची पायरी तशीच ठेवायची. पण थेट ३६ चिठ्ठ्या काढून भागत नाही. हो म्हणणाऱ्यांत मोकळा वेळ असलेले, शिकलेले, सभांना सरावलेले पुरुष जास्त असतात, त्यामुळे सोडत दोन टप्प्यांत करावी लागते.

पहिला टप्पा. प्रभागाची मतदार यादी घ्या. समजा २२,००० नावं आहेत आणि आपल्याला ८०० दारं गाठायची आहेत. २२,००० ला ८०० ने भागलं की साडेसत्तावीस येतात. अंतर २७ धरा. १ ते २७ मधली एक चिठ्ठी जाहीरपणे काढा. ११ आली तर ११, ३८, ६५, ९२ अशी दर सत्ताविसावी नोंद घ्या. यादी घरांच्या क्रमाने असल्यामुळे एका घरातली दोन नावं सहसा येत नाहीत, आणि सगळ्या गल्ल्या आपोआप येतात.

यादीत मयत, लग्न होऊन गेलेल्या मुली आणि गाव सोडून पुण्याला गेलेले असतात. भाडेकरू, खोली करून राहणारे विद्यार्थी आणि परप्रांतीय कारागीर मात्र नसतात. म्हणून यादीतलं नाव हा फक्त घराचा पत्ता समजा. त्या पत्त्यावर आज राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची वयाच्या क्रमाने नावं लिहा आणि दारातच चिठ्ठीने एक निवडा. परदेशी पाहण्यांत ‘ज्याचा वाढदिवस आधी येतो तो’ अशी युक्ती वापरतात. आपल्याकडे ती फसते. अनेक ज्येष्ठांच्या दाखल्यावर शाळेने घातलेला १ जून असतो, त्यामुळे मे महिन्यात गेलं तर आजोबा-आजीच जास्त निवडले जातात, आणि जून लागल्यावर गेलं तर ते जवळजवळ येतच नाहीत.

दारावर दोघांनी जायचं, त्यात एक बाई हवीच. संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी सकाळी. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. निवडलेल्या व्यक्तीऐवजी ‘आमच्या शेजारच्या काकांना घ्या, ते चांगलं बोलतात’ असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. आयर्लंडच्या नागरिक सभेत जानेवारी २०१८ च्या बैठकीसाठी घेतलेले सात बदली सदस्य दारोदार न जाता ओळखीतून भरल्याचं उघड झालं आणि त्यांना वगळावं लागलं. सभेच्या सगळ्या कामावर त्यामुळे शंका घेतली गेली.

होकार देणाऱ्याकडून एक चिठ्ठी भरून घ्या: वय, लिंग, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात किंवा दुकानात कधी पुराचं पाणी आलं का, काम काय, शिक्षण किती, सामाजिक प्रवर्ग. युरोपात टपालाने पाठवलेल्या शंभर पत्रांमागे होकार दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी येतात. दारात जाऊन विचारल्यावर जास्त येतील, तरी शंभरामागे १५ धरूनच आखणी करा, म्हणजे ८०० दारांमागे १२०.

दुसरा टप्पा. मतदार यादीत वय आणि लिंग असतं, त्यावरून प्रभागातलं प्रमाण काढा आणि ३६ जागांचा तक्ता बनवा: १८ स्त्रिया, १८ पुरुष, १८ ते ३०, ३१ ते ४५, ४६ ते ६०, ६० च्या वर, पूर आलेली आणि न आलेली घरं, मालक आणि भाडेकरू, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसंख्येएवढा वाटा. संगणकावरच्या तक्त्यात १२० जणांना यादृच्छिक क्रमांक द्या, त्या क्रमाने वरून खाली घेत जा, आणि एखादा रकाना भरला की त्यातला पुढचा सोडा. शेवटी जागा जुळल्या नाहीत तर नव्या क्रमांकांनी पुन्हा करा. अशा तक्त्यात बसणाऱ्या दहा पूर्ण याद्या करा, त्यांना ० ते ९ क्रमांक द्या आणि विभागीय कार्यालयात, सगळ्या गटांच्या माणसांसमोर, शाळेतल्या मुलीच्या हातून एक आकडा काढा. ती यादी म्हणजे सभा. दुसरा आकडा काढून त्या यादीतून सहा राखीव घ्या. दहाही याद्यांत तीच चार-पाच नावं येत असतील तर त्या प्रकारचे होकार कमी पडले असं समजा, बहुधा भाड्याने राहणाऱ्या तरुण मुली. सोडत थांबवा आणि आणखी दारं करा.

वगळायचे कोण: आजी-माजी नगरसेवक आणि त्यांच्या घरचे, पक्षांचे पदाधिकारी, महापालिकेचे कर्मचारी आणि ठेकेदार, आणि पुढच्या निवडणुकीतले इच्छुक. इच्छुकांकडून ‘या प्रभागातून उभा राहणार नाही’ असं लिहून घेतलं तरी त्याला कायद्याचं बळ नाही. पण दारातच हा प्रश्न विचारला की बरेच जण स्वतःहून बाजूला होतात.

तारखा, जागा, पैसा

चार रविवार, दर दोन बैठकांमध्ये एका रविवारची सुट्टी. जून ते सप्टेंबर पूर, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. त्यामुळे दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सुरू करून डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला संपवा. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक त्याच सुमारास आकाराला येत असतं. मार्च उलटल्यावर आलेली शिफारस वर्षभर पडून राहते. आचारसंहितेचा काळ टाळा.

जागा महापालिकेच्या शाळेची. तालमीचं सभागृह मोफत मिळेल, पण घेऊ नका. प्रत्येक तालमीला एक बाजू असते आणि बायका तिथे मोकळेपणाने बसत नाहीत. जागा तळमजल्यावर हवी, स्वच्छतागृह चालू आहे ना हे आदल्या दिवशी स्वतः बघा, आणि बाजूच्या खोलीत लहान मुलांना सांभाळायला दोन ताई ठेवा. ही शेवटची सोय नसेल तर ३० च्या आसपासच्या बायकांची गळती दुसऱ्या रविवारी दिसते.

भत्ता द्याच. आयर्लंडच्या २०१६ च्या सभेत मानधन नव्हतं, फक्त खर्च मिळायचा, आणि सदस्य सतत बदलावे लागले. फ्रान्सने न्यायालयातल्या ज्यूरीच्या दराने भत्ता दिला. रोजंदारीवरच्या माणसाची रविवारची मजुरी बुडू नये एवढी रक्कम हवी. हिशेब असा: ३६ सदस्य, ४ दिवस, रोज ७०० रुपये म्हणजे १,००,८००. टेबलावरची चर्चा चालवणारे सहा संचालक, ४ दिवस, १,५०० रुपये म्हणजे ३६,०००. पन्नास माणसांचं जेवण आणि दोन वेळचा चहा, ४ दिवस, २०० रुपयांप्रमाणे ४०,०००. छपाई १५,०००, जागा आणि ध्वनियंत्रणा १६,०००, मुलांची देखभाल आणि रिक्षा १२,०००. एकूण २,१९,८००; वर वीस हजार हाताशी ठेवा. हा पैसा लहान देणग्यांतून किंवा महापालिकेकडून घ्या. इच्छुक, ठेकेदार आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याकडून रुपयाही नको, जेवणही नको. भत्ता दिवसअखेर पाकिटात, सही घेऊन.

चार रविवार

पहिला दिवस माहितीचा. आधी आठवडाभर १६ पानांची पुस्तिका घरपोच द्या: प्रभागाचा नकाशा, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं, नाल्यांच्या जागा, महापालिकेचा या कामांवरचा खर्च. क्यूसेक म्हणजे काय हे चित्राने सांगा. वाचता न येणाऱ्यांसाठी तीच पुस्तिका ध्वनिमुद्रित करून फोनवर पाठवा.

दुसरा दिवस उलटतपासणीचा. शहर अभियंता, आपत्ती व्यवस्थापनाचा अधिकारी, जलसंपदेचा अभियंता, विद्यापीठातला भूगोलाचा अभ्यासक, पूरग्रस्त कुटुंब, दुकानदार आणि बांधकाम व्यावसायिक यांना प्रत्येकी १२ मिनिटं. त्यानंतर टेबलावर २० मिनिटं आपसात बोलून प्रश्न ठरवायचे आणि मग विचारायचे. थेट हात वर करून प्रश्न घेतले तर तेच चार जण बोलतात.

बसायला सहा टेबलं, प्रत्येकी सहा जण आणि एक संचालक. दर सत्रात टेबलं बदला. संचालकाने स्वतःचं मत द्यायचं नाही. पहिली फेरी प्रत्येकाला दोन मिनिटं, सुरुवात सगळ्यात लहान वयाच्या सदस्यापासून. सासरे आणि सून एका गल्लीतले असले तरी वेगळ्या टेबलावर. कुणी ‘साहेबांनी याआधीच हे सांगितलंय’ असं म्हणालं तर संचालकाने ‘दादा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ एवढंच विचारायचं. गळ्यातले पक्षाचे पट्टे बाहेर.

नगरसेवकांचं काय? आयर्लंडच्या २०१२ ते २०१४ च्या घटना परिषदेत ६६ नागरिकांबरोबर ३३ राजकारणी बसले होते आणि ते चाललं. तिच्या शिफारशीवरून २२ मे २०१५ रोजी समलिंगी विवाहावर सार्वमत झालं आणि ६२ टक्क्यांनी मंजूर झालं. प्रभागाच्या पातळीवर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे नगरसेवक हा घरकुलाचा अर्ज, दाखला आणि नळजोड यांचाही माणूस असतो. तो टेबलावर असेल तर उरलेले पाच जण त्याच्याकडे बघून बोलतील. त्यांना पहिल्या दिवशी स्वागताला आणि चौथ्या दिवशी शिफारशी स्वीकारायला बोलवा.

तिसरा दिवस पर्याय मांडण्याचा आणि खर्चाचा. इथे महापालिकेचा लेखा विभागातला कर्मचारी हजर हवा, म्हणजे ‘नाल्याची भिंत’ म्हटल्यावर साधारण आकडा लगेच समोर येतो. चौथा दिवस लिहिण्याचा आणि मतदानाचा.

शिफारशी दहापेक्षा जास्त नकोत. प्रत्येकीत काय, कुठे, कोणत्या खात्याने, कधीपर्यंत, अंदाजे किती खर्च आणि का, हे सहा तपशील. मतदान गुप्त, प्रत्येक शिफारशीवर वेगळं. पोलंडच्या ग्दान्स्क शहराने २०१६ च्या अतिवृष्टीनंतर भरवलेल्या सभेत ८० टक्के सहमतीचा उंबरठा ठेवला होता आणि तो ओलांडलेल्या शिफारशी अंमलात आणण्याचं महापौरांनी मान्य केलं होतं. तोच उंबरठा घ्या: ३६ पैकी २९ मतं. २२ ते २८ मतं मिळालेल्या शिफारशी वेगळ्या पानावर, विरोधकांच्या कारणांसह द्या. उंबरठा निम्म्यावर आणला तर एखादा गट ठरवून १९ मतं जमवू शकतो.

साठ दिवसांनंतर

सभेतल्याच सहा जणांची चिठ्ठीने पाठपुरावा समिती करा. शिफारशी आयुक्तांच्या कार्यालयात देताना आवक क्रमांक घ्या. साठ दिवस त्या तारखेपासून मोजायचे. एखाद्या नगरसेवकाकडून त्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणा. लोकशाही दिनात नेऊ नका, तिथे वैयक्तिक तक्रारी घेतात आणि असा अर्ज परत येतो.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवस मुदत. ‘उत्तर का दिलं नाही?’ असं विचारलं तर माहिती अधिकारी ‘हा प्रश्न माहितीत बसत नाही’ म्हणून अर्ज निकाली काढतो. कागद मागा: आवक क्रमांक घालून त्या पत्रावरच्या टिपण्या, शेरे आणि ते आज कोणत्या टेबलावर आहे त्याची नोंद. नाकारलं किंवा मुदत गेली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

आलेली उत्तरं जशीच्या तशी मोठ्या अक्षरांत छापा: डावीकडे शिफारस, उजवीकडे उत्तर, खाली खातं आणि मुदत. हा तक्ता चौकाचौकातल्या फळ्यांवर, विभागीय कार्यालयात आणि ८०० दारांवर पोचला पाहिजे, ज्यांनी नकार दिला त्यांच्याही. ‘अमान्य’ आलेल्या शिफारशी गाळू नका. कारण पटण्यासारखं असेल तर लोक ते मान्य करतात, आणि पटण्यासारखं नसेल तर सहा महिन्यांच्या आढाव्यात पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते ठरलेलं असतं.